अहो आणि टॉमी

समुद्राच्या तळाशी दवाखान्याच्या लोखंडी खाटा ओळीने मांडल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाच खाटेवरचा पेशंट जिवंत होता.

खाटा खऱ्याखुऱ्या दवाखान्याच्याच. दवाखाना नव्या इमारतीत गेला, जुन्या खाटा मागच्या अंगणात गंजत पडल्या, तेव्हा गावातल्या बायकांच्या सोसायटीने त्या मागून आणल्या, खरवडून साफ केल्या आणि होडीत घालून समुद्रात सोडून दिल्या. ज्यांना कारण माहीत नव्हतं ते म्हणाले, ह्यांना वेड लागलंय. ज्यांना माहीत होतं तेही तेच म्हणाले. कारण असं, की वादळात मोडलेले पोवळ्याचे तुकडे वाळूत लोळत राहिले तर मरतात. लोखंडाला तारेने घट्ट बांधले तर तग धरतात, वाढतात आणि कालांतराने त्यांचा पुन्हा खडक होतो. खडक झाला की मासे येतात. पोवळं म्हणजे दिसायला झाड, हाताला दगड आणि प्रत्यक्षात प्राणी. आयुष्यात नक्की काय व्हायचं हे ज्याचं शेवटपर्यंत ठरलं नाही, अशा ह्या जीवाबद्दल माळ्याला सुरुवातीपासूनच जवळीक वाटत आली होती.

माळी हे त्याचं गावाने ठेवलेलं नाव. खाटांवर पोवळी बांधायची, त्यांच्यावर वाढलेलं शेवाळ जुन्या टूथब्रशने घासायचं, त्यांना खायला आलेले काटेरी तारामासे चिमट्याने उचलून बादलीत टाकायचे, हे त्याचं काम. जमिनीवर त्याच्या हातून मिरचीचं एक रोपसुद्धा कधी जगलं नव्हतं. त्याआधी तो इतरांसारखाच मासे पकडायचा, म्हणजे पकडायला जायचा. मासे त्याला ओळखून होते.

खाटांच्या भोवतालचं पाणी गावाने बंद केलं होतं. चार बाजूंना लाल पिंपं तरंगत होती आणि पिंपांच्या आत जाळं टाकायचं नाही, गळ सोडायचा नाही, नांगरही नाही, असा ठराव झाला होता. त्याला सगळे ‘बंद पाणी’ म्हणायचे. हक्काचं पाणी गेलं म्हणून ज्यांच्या होड्यांचं नुकसान होई, त्यांना सोसायटी काही ना काही द्यायची, आणि सोसायटीकडे ते यायचं दत्तकातून. दूरदूरची माणसं एकेक पोवळं दत्तक घ्यायची. कुणी बाळ झालं म्हणून, कुणी लग्न झालं म्हणून, कुणी कुणी गेलं म्हणून. मग माळी त्या पोवळ्याशेजारी नावाची पाटी अडकवायचा, पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि तो पाठवला जायचा. माणसं खूश व्हायची. पोवळ्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

दरवर्षी एकदा सभा भरायची आणि पाणी बंद ठेवायचं की उघडायचं ह्यावर हात वर व्हायचे. उघडावं म्हणणाऱ्यांचा पुढारी होता माळ्याचा सासरा. हा गावातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तिरसट कोळी. बंद पाणी ही त्याच्या मुलीची कल्पना, तिथला माळी त्याचा जावई, त्यामुळे विरोध घरातल्या घरात आणि जेवता जेवता चालायचा.

“काय जावईबापू,” तो ताटावरून विचारायचा, “आज कुठल्या दगडाचे दात घासलेत?”

आता ह्या वर्षी झालं असं, की उन्हाळ्यात समुद्र तापला. इतका तापला, की पाण्यात उतरल्यावर माळ्याला कुणीतरी वापरलेल्या आंघोळीच्या पाण्यात बसल्यासारखं वाटलं. पोवळी आधी पांढरीफटक पडली आणि मग हळूहळू त्यांच्यावर तपकिरी-हिरवं शेवाळ चढलं. माळी रोज जायचा, ब्रश मारायचा, धीर द्यायचा. धीराचा काही उपयोग झाला नाही. सगळी गेली. कोपऱ्यातल्या खाटेवरचं एक तेवढं राहिलं, कारण तिथे खडकांच्या फटीतून थंड पाणी येत होतं. ते नुसतं राहिलं नाही, तर भलतंच फोफावलं. जांभळट, भरगच्च, फांद्यांना निळी टोकं. ओळखीतलं कुणीच उरलं नसताना एखाद्या नातेवाइकाची तब्येत सुधारत जावी, तसं.

फोटो पाठवायची वेळ आली तेव्हा माळ्याने पहिल्यांदा एक पाटी उचलून त्या जिवंत पोवळ्याशेजारी ठेवली. एकच. एका बाळाची होती ती. बाळाला कसं सांगणार? मग दुसरी पाटी आली. दुसऱ्या बाळाने काय पाप केलं होतं?

बातमी त्याच्या बायकोने आणली. सोसायटीची अध्यक्ष तीच. संध्याकाळी घरात शिरत ती म्हणाली, “ऐकलंस का, सभेच्या दिवशी दोन पाहुणे येताहेत. मीच बोलावलेत. दोघांना आपापलं पोवळं डोळ्यांनी बघायचंय. बघतील, सभेत दोन शब्द चांगले बोलतील, मग बाबांची बोलती बंद.”

माळी भांडी घासत होता. “कोण दोघं?”

“अहोवाल्या काकू आणि टॉमीवाले डॉक्टर.”

काकूंचे यजमान वारले तेव्हा त्यांनी पोवळं दत्तक घेतलं होतं. पाटीवर नाव काय लिहायचं असं विचारल्यावर त्यांनी कळवलं होतं, ‘अहो’. जन्मभर दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती, आता पाण्याखाली कशाला? टॉमी हा दातांच्या एका डॉक्टरांचा कुत्रा. तोही वारलेला.

माळी एकच पातेलं घासत राहिला.

“भोक पाडणार आहेस का त्याला?”

“दोघं एकाच दिवशी कशाला?”

“आठवड्यातून एकदाच बोट येते. वेगवेगळे काय पोहत येतील?”

“आणि एकाच वेळी बघणार?”

“मग? आपल्याकडे काचेच्या तळाची होडी एकच आहे.”

“एकच आहे,” माळी म्हणाला.

“होडी.”

“पोवळं.”

बायको हळूच स्टुलावर बसली. “एकच म्हणजे?”

“म्हणजे बाकीची गेली. उन्हाळ्यात.”

“तू म्हणालास थोडी कोमेजलीत.”

“थोडी कोमेजली. मग पूर्ण.”

“आणि ते फोटो?”

“त्याच एकाचे. पाट्या बदलून.”

“त्या नव्या जोडप्याचं?”

“तेच.”

“बँकेतल्या साहेबांच्या निवृत्तीचं?”

“तेच. डाव्या बाजूने.”

“जुळ्यांचं?”

“दोन्ही बाजूंनी.”

बायको उठली. नळ टपकत होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, “मी तुझा जीव घेणार आहे. पण सभेनंतर. हे बाहेर पडलं तर दत्तकवाले पळतील, आणि ते पळाले तर पाणी उघडणार, हे कळतंय का तुला?”

कळत होतं. दुसरं काही कळत नसलं तरी तेवढं त्याला पक्कं कळत होतं. पाणी उघडलं की पहिल्याच दुपारी गावातली सगळी जाळी आत पडणार, आणि एक जाळं जरी त्या कोपऱ्यातल्या खाटेत अडकलं आणि कुणी हिसका दिला, की जे राहिलंय तेही जाणार. समुद्राला आग लागली तेव्हा वाचलेला एकुलता एक जीव, आणि तो माळ्याच्या गावातल्याच कुणाच्यातरी हिसक्याने तुटणार. ह्या विचाराने त्याला रात्री झोप येत नव्हती. दिवसा यायची, पण तेव्हा काम असायचं.

योजना बायकोचीच. पाण्यात कुठली खाट कुठे आहे हे पाहुण्यांना थोडंच कळतंय! आधी अहो दाखवायचे. मग होडी चांगली गोल गोल फिरवायची, पार डोकं गरगरेपर्यंत, आणि पुन्हा त्याच खाटेवर आणून टॉमी दाखवायचा. माळ्याने खाली थांबायचं, दोन्ही पाट्या जवळ ठेवायच्या. बायको होडीच्या फळीवर टाच आपटेल. एकदा आपटली की अहो, दोनदा आपटली की टॉमी. श्वास घ्यायला वर यायचं ते होडीच्या मागच्या बाजूने. वल्ही मारायला मात्र सासऱ्याला घ्यावं लागलं, कारण बाकीचे सगळे सभेसाठी शेड झाडत होते.

“मी येतो की,” सासरा म्हणाला. “मलाही बघू द्या, माझ्या पाण्यात कोण कोण राहायला आलंय ते.”

पाहुणे आले. काकू बारक्या, ताठ, हातात काळी पर्स. ती त्यांनी होडीतसुद्धा मांडीवर उभी धरली. डॉक्टर गोल, घामाघूम, आणि दिसेल त्याच्या दातांकडे बघणारे. सासऱ्याने जांभई दिली तेव्हा ते म्हणाले, “खालची मागची दाढ काढून घ्या.” तिथून दोघांचं बिनसलं.

माळी आधीच पाण्यात होता. डोक्यावर होडीची सावली आली, सावलीच्या मधोमध काचेचा चौकोन आला, आणि चौकोनात दोन चेहरे आले. मग ठक्. एकदा. त्याने ‘अहो’ची पाटी अडकवली आणि अदबीने बाजूला झाला.

वर काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि बघत राहिल्या. जांभळ्या फांद्यांमधून बारीक निळे मासे आत-बाहेर करत होते.

“तब्येत चांगली झाली हो ह्यांची,” त्या म्हणाल्या.

“हवापाणी मानवलं,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“घरी अंगालाच लागायचं नाही काही.”

डॉक्टर मात्र काचेला नाक लावून बसले होते. “हे टोक बघा. वरचं, मधलं. कोपरा उडालाय. तिरका.”

“असेल उडाला. मासा चावला असेल,” अध्यक्षीणबाई घाईघाईने म्हणाल्या. “चला बाबा, होडी वळवा.”

“थांबा. टॉमीच्या फोटोत अस्साच कोपरा उडालेला आहे. मी आयुष्यभर लोकांचे उडालेले कोपरे बघितलेत, माझ्या नजरेतून सुटणार नाही.”

“सारखी दिसतात हो डॉक्टर. एका आईची लेकरं.”

“सारखी बिरखी काही नाही!” डॉक्टरांचा आवाज चढला आणि त्यांनी फळीवर मूठ आपटली. “हा माझा” (ठक्) “टॉमी आहे!” (ठक्.)

खाली माळ्याने दोन ठोके ऐकले. होडी अजून फिरलेली नव्हती हे त्याला जरा विचित्र वाटलं, पण बायकोने ठरवलेल्या गोष्टीत आपली अक्कल घालायची नाही हे तो संसारात शिकला होता. काचेखालून त्याचा हात पुढे आला. त्या हाताने ‘अहो’ काढलं, ‘टॉमी’ लावलं, आणि पाटी जराशी वाकडी वाटली म्हणून सरळही केली.

होडीतल्या चौघांनी तो हात बघितला. मग सासरा म्हणाला, “सेवा तत्पर आहे.”

माळ्याचा श्वास संपला. तो मागच्या बाजूने वर आला, होडीची कड धरली, मास्क कपाळावर सरकवला आणि हसत म्हणाला, “मग, कसा वाटला आमचा टॉमी?”

चौघांची तोंडं बघून त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

त्याने सगळं सांगितलं. पाण्यात लोंबकळतच सांगितलं, कारण वर ये असं त्याला कुणी म्हणेना. उन्हाळा, पांढरी पोवळी, शेवाळ, पहिलं बाळ, दुसरं बाळ. जुळ्यांपर्यंत आला तेव्हा सासऱ्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

“म्हणजे टॉमी पुन्हा गेला,” डॉक्टर म्हणाले आणि खरोखरच रडायला लागले. दातांचे डॉक्टर रडतात हे होडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. सासऱ्याने थोडा विचार केला आणि खांद्यावरचं फडकं त्यांना दिलं. मासळीचा वास असलेलं, पण दिलं.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. “म्हणजे हे एकाच वेळी दोन ठिकाणी.”

“चुकलं काकू,” माळी म्हणाला.

“तुमचं काय घेऊन बसलात! ह्यांचं आयुष्यभर तेच. इथे मी, आणि तिकडे बंदराजवळ दुसरं बिऱ्हाड. मला वाटायचं नोकरीच फिरतीची आहे.” त्यांनी खाली काचेकडे बघितलं. “तुमच्याबद्दल वाचलं तेव्हा म्हटलं, बरं आहे. लोखंडी खाटेला तारेने बांधून ठेवतात. निदान आता तरी कुठे जायचे नाहीत. तर इथेही कुत्र्याच्या नावाने राहताहेत.”

 डॉक्टरांनी रडणं आवरतं घेतलं.

“खरे कुठे आहेत?” काकूंनी विचारलं. “मला तेच बघायचेत.”

“बघण्यासारखं काही नाही हो तिथे,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“बाई, संसार केलाय मी. बघण्यासारखं तेव्हाही नव्हतं.”

कुणी सांगायच्या आत सासऱ्याने वल्ही उचलली. इतका हुरूप त्याने बंद पाण्यात कधीच दाखवला नव्हता. माळी होडीच्या पुढे पोहत गेला आणि मधल्या ओळीतल्या एका खाटेवर बोट दाखवून बाजूला थांबला. काचेखाली एक शेवाळलेला झुडपासारखा दगड आला. त्याच्या खालच्या ढोलीत काहीतरी हललं. आधी एक डोळा दिसला. मग एक हात. मग बरेच.

“ऑक्टोपस राहायला आलाय,” सासरा म्हणाला. “चांगला पोसलेला आहे.” शेवटचं वाक्य त्याने जरा जास्तच मायेने म्हटलं.

ऑक्टोपसने वर बघितलं. वरून पाच माणसं, पाण्यातलं एक धरून, त्याच्याकडे बघत होती. त्याने रंग बदलला, आणखी आत सरकला आणि काळी शाई सोडून दिली. काच काळी झाली.

“हेच,” काकू म्हणाल्या. “शंकाच नाही. पाहुणे आले की अस्संच करायचे.” आणि त्या इतक्या हसल्या, की पर्स मांडीवरून खाली पडली. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी माळ्याला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पुढच्या वेळी मेलं तर मेलं म्हणून कळवायचं. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदाही ऐकलं असतं मी. तुमच्या त्या फोटोला रोज उठून सांगत होते सगळं. भलत्याचंच डोकं खाल्लं.”

माळ्याला मासे पकडता येत नसल्याची कधी लाज वाटली नव्हती. ह्या वाक्याची वाटली.

सभा जाळ्यांच्या शेडमध्ये भरली. वरून सुकलेली जाळी लोंबत होती, खाली सगळा गाव, आणि पुढे मासळीच्या उपड्या क्रेटवर काकू आणि डॉक्टर. आता लपवण्यात अर्थ नव्हता. अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या आणि सांगून टाकलं. पोवळी मेली, एक राहिलं, फोटो खोटे होते, उद्या सगळ्यांना खरं कळवणार, आणि कळवल्यावर दत्तकवाले किती राहतील ते सांगता येत नाही. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. सगळ्यांनी आपोआपच माळ्याकडे बघितलं.

“मी आहे,” काकू क्रेटवरून म्हणाल्या. “पण मला फोटो ऑक्टोपसचा पाहिजे.”

“एक मिळून काय होतं?” मागून कुणीतरी म्हणालं. “पोवळी मेली, दत्तक गेलं, मग पाणी कशाला अडवून ठेवायचं? उघडा!”

“उघडा, उघडा!” चार-पाच आवाज उठले. कुणीतरी जाळं खांद्यावर घेऊनच सभेला आलं होतं, ते आता सरळ करायला लागलं. अध्यक्षीणबाई खाली बसल्या. माळ्याने डोळे मिटले. त्याला तो निळ्या टोकांचा पोवळ्याचा झुबका दिसत होता आणि त्यात गुंतलेलं जाळं.

सासरा उठला.  इतकी वर्षं तो ह्याच क्षणाची वाट बघत आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

“उघडायचं नाही,” सासरा म्हणाला.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची जीभ घसरली.

“बाबा?” त्याची मुलगी म्हणाली.

“मला तुमच्या दगडांशी काही देणंघेणं नाही,” सासरा तिरसटपणे म्हणाला. “मी रोज सकाळी कुठे असतो? लाल पिंपाला होडी बांधून बसतो. बाहेरच्या बाजूने. कायद्यात. मेल्या पोवळ्यात असो नाहीतर जित्या, आत मासा पोसतो आणि अंगात मस्ती आली की बाहेर पडतो. बाहेर मी असतो. एवढे गलेलठ्ठ मासे मी तरुणपणानंतर बघितले नव्हते. उघडलंत तर तुम्ही सगळी हावरट मंडळी आत घुसाल, चार दिवसांत चाटूनपुसून साफ कराल, आणि माझी पिंपाजवळची जागा जाईल.”

“मग दरवर्षी उघडा, उघडा म्हणून बोंबलत होतात ते?” मुलीने विचारलं.

“चांगली जागा सापडली म्हणून कुणी गावभर सांगतं का?”

शेडमध्ये कुजबूज झाली. मग जाळंवाला हळूच म्हणाला, “पूर्वेच्या पिंपाला तर मी असतो.”

“आणि त्याच्या पलीकडे कोण असतं मग?” कुणीतरी म्हणालं. “माझ्या मेहुण्याला विचारा.”

मेहुणा म्हणाला, “मी फक्त विश्रांतीला थांबतो तिथे.”

“गळ टाकून?”

असं करत करत कळलं, की बंद पाण्याविरुद्ध ओरडणारा अर्धा गाव बंद पाण्याच्या कडेला बसून जेवत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सुचलंय. पिंपाजवळ जागा कमी पडते म्हणून तिथेच दोघांची बाचाबाची सुरू झाली. डॉक्टरांनी मध्ये पडून ती सोडवली, आणि सोडवता सोडवता एकाचा हलणारा दात बघून ठेवला.

“पाणी बंद ठेवायचं असेल त्यांनी हात वर करा,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. 

आधी कुणीच केला नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. पहिला हात वर करणं म्हणजे आपणही पिंपाजवळ असतो हे कबूल करणं. मग सासऱ्याने हात वर केला, कुणावर तरी उगारावा तसा. त्याच्यामागे जाळंवाल्याचा गेला, मेहुण्याचा गेला, मग एकेक करत इतके गेले, की वर लोंबणाऱ्या जाळ्यात काही हात अडकले.

माळी बघतच राहिला होता.

“जावईबापू,” सासरा गुरकावला, “झोप लागली का? हात!”

माळ्याने दचकून दोन्ही हात वर केले.

“एकच मोजा त्याचा,” सासरा म्हणाला. “त्याला एकाचे दोन करायची खोड आहे.”